पिंजऱ्यातलं गवत

"बाई, तुम्ही स्वतः कधी गवत खाऊन बघितलंय का?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, पण डोकं मागच्या बाकावरच्या टोळीचं. "विचारून दाखव, मग मानलं तुला," असं चश्मिस माझ्या कानात फुसफुसली होती. आणि हल्ली माझं असं झालंय की कुणी 'दाखव' म्हटलं की मी उभी राहिलेली असते, विचार मागाहून येतो. पूर्वी हजेरीला 'हजर'सुद्धा मी दप्तराला सांगितल्यासारखं म्हणायचे. आता सर विचारतात, "तुला आवाज कमी करायचं बटण दिलंय का नाही?"

शाळेच्या हॉलमध्ये त्या दिवशी वस्तीवरचे झाडून सगळे मेंढपाळ जमले होते. शेवटी चहा आहे असं फळ्यावर लिहिलं होतं म्हणून. बाई सरकारी खात्यातून आल्या होत्या, गवताळ जमिनींच्या. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं, पण तोवर तुतारीकाकांनी त्यांचं 'गवतबाई' करून टाकलं होतं, आणि तुतारीकाकांनी ठेवलेलं नाव पुसत नाही. त्यांचा आवाज एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या मेंढीला ऐकू जातो.

तर गवतबाई 'शाश्वत कुरण व्यवस्थापन' या विषयावर बोलत होत्या. पडदा म्हणून भिंतीवर चादर लावली होती आणि तिच्यासमोर पंखा होता, त्यामुळे चादरीवरचं कुरण आमच्या खऱ्या कुरणापेक्षा जास्त डुलत होतं. निम्मा हॉलही डुलत होता, झोपेने. तेवढ्यात माझा प्रश्न पडला.

हॉल खदखदून जागा झाला. बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. 'ही मुलगी कुणाची' असं कुणी विचारलंच तर सापडू नये म्हणून.

गवतबाईंना मात्र राग आला नाही. त्या म्हणाल्या, "हो, पुष्कळदा. तू?"

"मी?"

"ये इकडे. एकटीने कशाला खायचं?"

मागून चश्मिसने टाळी वाजवली. मैत्रीण असावी तर अशी. मी पुढे गेले. बाईंनी पिशवीतून तीन काड्या काढल्या. "धुतल्यात. चाव."

पहिली काडी गोडसर होती, कोवळ्या मक्याच्या दाण्यासारखी. दुसरी म्हणजे वहीचा कागद. तिसरी चावल्यावर मी जे तोंड केलं त्याची नक्कल आमच्या वर्गात अजूनही होते.

"आता तू मेंढी आहेस," बाई म्हणाल्या. "आधी काय खाशील?"

"पहिलं."

"ते संपल्यावर?"

"दुसरं. नाइलाज म्हणून."

"आणि हे तिसरं?"

"उपाशी राहीन, पण ते नाही."

"मग कुरणात शेवटी काय उरेल?"

"तिसरं," मी म्हणाले. आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा खालचा उतार आला. घरांना लागून असलेला, हिरवागार. लांबून बघितलं तर वाटावं, काय भाग्य आहे या मेंढ्यांचं! आणि त्याच उतारावर आमच्या मेंढ्या दिवसभर नाक खाली घालून फिरतात आणि संध्याकाळी पोटं आत घेऊन घरी येतात.

"हिरवं ते हिरवं!" तुतारीकाका गरजले. "आमच्या मेंढ्यांचे असले जिभेचे चोचले नाहीत."

"मेंढ्या तुमच्यासारख्या नाहीत हो," लोकरवाल्या मावशी म्हणाल्या. कातरणीची शेड त्यांची आहे, त्यामुळे वस्तीवरच्या प्रत्येक मेंढीची बरगडी त्यांच्या हाताखालून जाते. "पुढ्यात येईल ते गिळायला. गेल्या खेपेला तुमच्याच कळपाची लोकर कशी निघाली, सांगू का इथे?"

काकांनी पुढचं सगळं भाषण चहाच्या दिशेने बघत ऐकलं.

मला मात्र चहा सुचला नाही. त्याचं कारण बाबा.

आमच्याकडे असं असतं की खालचा उतार संपला की बाबा कळप घेऊन लांब जातात. पार डोंगरांच्या पलीकडे, जिथे फोन लागत नाही. पूर्वी थोड्या दिवसांसाठी जायचे. मग उतार दर वर्षी आधी संपायला लागला आणि बाबा दर वर्षी उशिरा परतायला लागले. मागच्या वेळी ते आले तेव्हा आमचा स्वतःचा कुत्रा त्यांच्यावर भुंकला. सगळे खूप हसले. आईही हसली, आणि मग कितीतरी वेळ ती गोठ्यात नसलेलं काम करत राहिली. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं: बाबांनी जायला नको. पण गवत नाही तर मेंढरं काय खातील, घरातल्या उशा?

म्हणून भाषणानंतर मी गवतबाईंना गाठलं. हा प्रश्न माझा स्वतःचा होता. "खालच्या उतारावर ते गोड गवत परत येईल?"

"मुळं जिवंत आहेत अजून. त्याचं बी पडेपर्यंत उताराला विश्रांती मिळाली तर येईल."

"यंदाच दिली तर बाबांना जावं लागणार नाही?"

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, हे मला आवडलं. "सगळ्यांनी मिळून कळप फिरवले, एक तुकडा खाल्ला की दुसरा, तर यंदा निभेल असं वाटतंय. पण सगळ्यांनी. एकाने नाही. आणि माझं कोण ऐकतंय? मी पाहुणी."

"माझं ऐकतील," मी म्हणाले.

कशाच्या जोरावर म्हणाले, ते विचारू नका. तोंडात अजून तिसऱ्या काडीची चव होती, त्याचा परिणाम असेल.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय गवतखाऊ, आज जेवणार का चरणार?"

"बाबा, आपल्या उतारावर सगळं कडू गवत उरलंय."

"बरं."

"खरंच. मी चाखलंय."

"मग उद्यापासून तुलाच बांधतो उतारावर. मेंढ्या शाळेत जातील. निदान वर्गात गप्प तरी बसतील."

आईने हसू दाबत माझ्या ताटात वाढलं. आमच्या घरात माझ्या गंभीर गोष्टींचं हे असं होतं.

पुढच्या आठवड्यात गवतबाई तारेची जाळी आणि लोखंडी नळ्या घेऊन आल्या. योजना सोपी होती. उताराच्या मध्यावर खाटेएवढा पिंजरा उभा करायचा. पिंजऱ्याच्या आत मेंढी तोंड घालू शकणार नाही. काही आठवडे गेले की आत गोड गवत डोकं वर काढेल, बाहेर नुसतं कडू दिसेल, आणि मग कुणाला भाषण द्यायची गरजच नाही. आत मोजमाप करायला जाता यावं म्हणून त्याला दार होतं, दाराला कडी. वरूनही जाळी. मी आणि चश्मिसने जाळी धरली, बाईंनी नळ्या ठोकल्या. पाटी मी रंगवली: 'प्रयोग सुरू आहे. आतलं गवत खुडू नये.' चश्मिसने त्याखाली एका नाराज मेंढीचं चित्र काढलं.

कळप परतताना मेंढपाळ एकेक करून बघून गेले. पिंजऱ्यात काही नाही हे बघून त्यांना फार चुकचुकल्यासारखं होत होतं. बाबांनी तर कडी लावून, काढून, परत लावून बघितली.

"काम भक्कम आहे हो बाई," ते म्हणाले. "कोल्ह्याच्या बापाला उघडायचं नाही."

गवतबाई खूश झाल्या. मीही. पहिल्यांदाच बाबांनी गवताच्या बाबतीत काहीतरी चांगलं म्हटलं होतं.

नंतर माझी परीक्षा आली आणि बाई दुसऱ्या वस्त्यांवर गेल्या. शाळेच्या रस्त्यावरून मला पिंजऱ्याची फक्त वरची जाळी दिसायची. तरी मी सगळीकडे सांगत सुटले. दुकानात, पाण्याच्या टाकीपाशी, कातरणीच्या शेडमध्ये. "या, बघालच! गुडघ्याएवढं गवत!" मावशींनी विचारलं, "तू बघितलंस का?" मी म्हणाले, "विज्ञान आहे मावशी, बघायचं काय त्यात?"

घरी पिंजऱ्याचा विषय काढला की बाबा मात्र पाणी प्यायला उठायचे, नाहीतर आमच्या लंगड्या कोकराचा पाय चोळायला. मला वाटलं, मन वळतंय.

शेवटी तो दिवस आला. सुट्टी होती. गवतबाई सकाळच्या बसने आल्या. सगळी वस्ती उतारावर चढली, तुतारीकाका सगळ्यात पुढे. मी त्यांच्याही पुढे. चश्मिसला मी सांगून ठेवलं होतं की मी हात वर केला की टाळ्या वाजवायच्या.

मी हात वर केला आणि तो तसाच हवेत राहिला.

पिंजऱ्याच्या आत गवत नव्हतं. म्हणजे कडू काड्यांचे चार झुबके होते आणि बाकी माती. बाहेरच्यापेक्षा आत जास्त टक्कल. जणू कुणी वस्तऱ्याने तासलं होतं.

चश्मिसने सवयीने टाळी वाजवली. एकच.

"वा!" तुतारीकाका म्हणाले, आणि पलीकडच्या टेकडीलाही कळलं. "बाई, तुमच्या गवताला विश्रांती फारच मानवली की! उठायचं नावच घेईना!"

मग हशा पिकला तो पिकलाच. कुणी म्हणालं, "विज्ञान आहे, बघायचं काय त्यात?" हे मावशींनीच सगळीकडे सांगितलेलं असणार. गवतबाई गुडघ्यांवर बसून जाळीतून आत बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. लोक परत फिरायला लागले होते. मला कळत होतं की आता हे उतरून गेले की परत कुठल्याच चहाला येणार नाहीत, आणि बाबा डोंगरापलीकडे जाणार ते जाणारच.

मला रडू येणार होतं. पण खाली वाकले तेव्हा आधी दिसल्या लेंड्या. पिंजऱ्याच्या आत. आणि मग जाळीला अडकलेला लोकरीचा पुंजका, टोकाला निळा.

आमच्याकडे प्रत्येक कळपाच्या पाठीवर आपापला रंग असतो. तुतारीकाकांचा लाल, मावशींच्या भावाचा हिरवा. निळा आमचा.

मी बाबांकडे बघितलं. बाबा आभाळाकडे बघत होते, ढग मोजतात तसे. ढग नव्हते.

"बाबा."

"हं?"

"आपलं लंगडं कोकरू एवढं गुटगुटीत कसं झालं हो?"

"कुठलं कोकरू?" बाबा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना मुळीच सवय नाही, त्यामुळे पुढचं आपोआप बाहेर पडलं. "अगं, त्याचा पाय दुखावला होता. कळपाबरोबर चालवेना त्याला. उघड्यावर ठेवलं तर कोल्हा. आणि इथे एवढा भक्कम पिंजरा, वरून जाळी, दाराला कडी... रिकामा!"

"पाटी होती ना!"

"होती की. 'खुडू नये.' मी एक काडी खुडली असेल तर सांग."

मला वाटलं आता सगळे बाबांवर तुटून पडतील. पण कसलं काय! "बरोबर आहे तुझं," एक जण म्हणाला. "रिकामा पिंजरा आणि कोकरू पायाने अधू. मीही हेच केलं असतं." तुतारीकाका घसा खाकरून म्हणाले, "आता विषय निघालाच आहे तर... माझी गाभण मेंढी होती दोन-चार दिवस आत. म्हटलं, तिला जरा निवांत." त्यावर मावशींच्या भावाने आपली दोन जुळी कबूल केली. कुणीही कुणाला विचारलं नव्हतं, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या मागून कडी नीट लावली होती.

"प्रयोग कसला," लोकरवाल्या मावशी म्हणाल्या, "दवाखाना झाला होता तुमचा!"

गवतबाई डोकं धरून बसल्या. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी एक कडू काडी उपटली आणि माझ्याकडे बघून नुसती हलवली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"थांबा!" मी ओरडले. तुतारीकाकासुद्धा थांबले. "आत काय उरलंय बघा ना. कडू! तेवढंच उरलंय. गोड होतं ते कोकराने मुळापर्यंत खाल्लं, आणि ते परत फुटलं की परत खाल्लं. कोकराचा काय दोष? त्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती."

"मग?" काका म्हणाले.

"मग आपणही तेच करतो. हा उतार घराजवळ आहे म्हणून आपण मेंढरं इथेच ठेवतो, म्हणजे संध्याकाळी घरी येता येतं. ओढ्याकडच्या अंगाला जात नाही, खडकाळ माथ्यावर जात नाही. लांब पडतं. सगळे कळप याच एका पिंजऱ्यात. मग हा लवकर संपतो, आणि मग तुम्ही सगळे पार डोंगरांच्या पलीकडे जाता. घराजवळ राहायचं म्हणून इथे थांबता, आणि त्यानेच घर सुटतं. आमचा कुत्रा बाबांना ओळखत नाही!"

हे शेवटचं मला बोलायचं नव्हतं. ते आपलं निघालं.

 बाबा आता आभाळाकडे बघत नव्हते. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी एक जण हळूच म्हणाली, "आमचा धाकटा यांना काका म्हणाला होता, मागच्या वेळी." तिच्या नवऱ्याने खाली बघितलं.

मग बोलणी सुरू झाली. बोलणी म्हणजे भांडण, पण कामाचं. खालचा उतार बी पडेपर्यंत बंद. आधी सगळे कळप ओढ्याकडे, तिथून माथ्यावर, आलटून पालटून. संध्याकाळी थोडं जास्त चालावं लागेल, पण मुक्काम घरीच. यावर सगळ्यांचं जमलं. अडलं ते एका जागी.

"पण इथून तिथे हलायचं कधी, हे कोण ठरवणार?" काकांनी विचारलं. "हा म्हणेल गवत संपलं, मी म्हणेन आहे अजून. रोजची कटकट."

"त्याला सोपा उपाय आहे," गवतबाई म्हणाल्या. "मूठ आवळून जमिनीवर ठेवायची. गवत मुठीपेक्षा खुजं झालं की कळप हलवायचा."

"कुणाची मूठ?"

हा प्रश्न गवतबाईंना त्यांच्या कॉलेजात कुणी विचारला नसावा.

वस्तीवरचे सगळे बाप्ये आपापली मूठ काढून बघायला लागले. तुतारीकाकांची मूठ म्हणजे भोपळा. ती लावली तर कळप रोज पळत सुटला असता. ती ताबडतोब बाद झाली. बाबांचीही बाद. जसजशी लहान मूठ, तसतसा तिच्या मालकाचा भाव वाढत गेला, कारण मूठ लहान तर चरायला जास्त. शेवटी काकांचे डोळे चमकले.

"या पोरीची घ्या की! एवढं शहाणपण शिकवतेय, तर मापही हिचंच!"

सगळ्यांनी माझी मूठ बघितली. लिंबाएवढी. सगळ्यांना मान्य. असं एकमत मी वस्तीवर पहिल्यांदाच बघितलं. गवतबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण मी म्हणाले, "चालेल. पण शब्द द्या. माझी मूठ म्हणेल तेव्हा हलायचं, त्यावर वाद नाही."

त्यांनी दिला. हसत हसत, एकमेकांना कोपर मारत.

घरी आल्यावर आई भांडी विसळत होती आणि बाबा कोकराचा पाय चोळत बसले होते. त्या गुन्हेगाराला काहीही पश्चात्ताप नव्हता. बाबांचं बोट चोखत होतं.

"काय मग, मूठवाल्या बाई?" आई म्हणाली. "वस्ती चालवायला घेतलीस म्हणे."

"फसवलं गं तुला," बाबा म्हणाले. आता ते चिडवत नव्हते. "तुझी मूठ केवढीशी! तेवढ्या मापाने गवत जमिनीला टेकेपर्यंत चरता येईल. म्हणून तर सगळे तयार झाले. महिनाभरात जैसे थे होईल, बघ."

"माहितेय मला."

"मग हो का म्हणालीस?"

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. बाबा जाणार की राहणार, ते मी आता काय बोलते यावर असल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती.

मी दोघांच्या मध्ये जमिनीवर बसले आणि मूठ फरशीवर ठेवली. आधी आडवी. मग उभी केली. मग अंगठा वर केला, सरळ, ताठ. माझा अंगठा लांब आहे. तो आईवर गेलाय.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "मूठ माझी आहे, तर ती धरायची कशी, हेही मीच ठरवणार. उभी, आणि अंगठा वर. तुतारीकाकांना ओरडायचं तेवढं ओरडू देत, शब्द त्यांनी दिलाय. येताना मी खालच्या उतारावर माप लावून आलेय, गोड गवत कुठेही अंगठ्याला पोचत नाही. म्हणून उद्या शाळेच्या आधी मी उतारावर जाणार आणि ओढ्याकडे पहिला कळप हलणार तो आपला. बाबा, हे कोकरू तुम्ही उचलून घ्या. बाकीच्यांना मी हाकते."